सिद्धू पाणबुड्याचा दोर

कळसच्या सिद्धू मारकडला दोन तालुके पाणबुड्या म्हणून ओळखत, आणि ते नाव त्याला मनातून मुळीच आवडत नसे. पण आवडत नाही म्हटलं की लोक का म्हणून विचारणार, आणि त्याचं उत्तर देण्यापेक्षा तो एखाद्या पडक्या विहिरीत पुन्हा पुन्हा उतरला असता. तसा तो उतरतही असे. बारामती काय, इंदापूर काय, कुणाची पाण्यातली मोटार विहिरीत निसटली, कुणाच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह गाळात रुतला, कुणाचं माणूस बुडालं, की मोटरसायकल फटफटत कळसला यायची आणि मारकडांच्या दारात उभं राहून कुणीतरी म्हणायचं, "तात्या, चला." तात्या निघायचे. कपाळाला आठी नाही, तोंडातून ब्र नाही. लोक म्हणायचे, काय छातीचा माणूस आहे. आता छाती बाहेरून सगळ्यांची सारखीच दिसते. आत काय चाललंय ते फार तर बायकोला ठाऊक असतं.

मारकडांकडे पूर्वी मेंढरं होती. लोकर कातरायच्या आधी सिद्धूचे वडील दत्तोबा सगळा कळप कालव्यावर नेऊन धूत. बिचकणारं मेंढरू कवेत धरून पाण्यात ओढायचं, चोळायचं आणि पलीकडे सोडायचं, हे काम सिद्धूकडे असे. मेंढरं वाळून चरायला लागली तरी हा आपला पाण्यातच. दत्तोबा काठावरून शिव्या घालत आणि हा बुडी मारून त्या ऐकायचं टाळी. पुढे पुण्यात नौदलाची भरती निघाली, तेव्हा मेंढरांमागे फिरायचा कंटाळा आलेला हा गडी तिथे जाऊन रांगेत उभा राहिला. नौदल म्हणजे काय ते दत्तोबांना शेवटपर्यंत नीट उमगलं नाही. "आमचं पोरगं बोटीवर वाचमन हाय," असं ते पाहुण्यांना सांगत. मग कुणा साहेबाने त्याला पोहताना पाहिलं आणि पाणबुड्याच्या शिक्षणाला धाडलं.

तिथे शिकणाऱ्यांना अखेरीला एका बुडालेल्या जहाजावर उतरवत. दुसऱ्या महायुद्धात कधीतरी ते बुडालं होतं आणि तेव्हापासून समुद्राच्या तळाशी एका कुशीवर पडून होतं. सिद्धू पाठीवर हवेची टाकी बांधून त्याच्या पोटात शिरला, एका अरुंद बोळातून पुढे गेला, आणि पाण्याच्या ओढीने मागचं लोखंडी दार मिटलं. गंजाचा लाल धुरळा उठला आणि हातातली बॅटरी असून नसल्यासारखी झाली. जोडीदाराने बाहेरून पहार घालून दार उचकटेपर्यंत तो त्या बोळात होता. किती वेळ होता ते त्याला कधीच सांगता आलं नाही. वर आला तो हसत आला, कारण वर सगळे बघत होते. पण त्या दिवसापासून चारी बाजूंनी मिटलेली जागा दिसली की तो आधी बाहेर पडायची वाट शोधायचा.

सुट्टीवर घरी आल्यावर त्याने ही गोष्ट पारावर सांगितली. फक्त तिच्यातला जोडीदार तेवढा वाटेत कुठेतरी गळला. दार मिटलं, मग सिद्धूने खांदा लावला आणि उघडलं, अशी ती गोष्ट झाली. गावाने ती डोक्यावर घेतली. काटेवाडीच्या सारजाशी त्याचं लग्न या गोष्टीवरच ठरलं म्हणायलाही हरकत नाही, कारण तिच्या घरच्यांनी मुलाची जमीन कमी विचारली आणि जहाजाचं दार जास्त. सिद्धू नौदलातून निवृत्त होऊन गावी आला, त्याने ऊस लावला, दोन म्हशी घेतल्या. पण ती थाप काही निवृत्त झाली नाही. तिच्या जिवावरच तर मोटरसायकली दारात येत होत्या.

सारजाला खरं माहीत होतं. नवरा झोपेत वाकळ लाथाडतो, ऐन थंडीत दार उघडं टाकून झोपतो, हे बायकोपासून किती दिवस लपणार? एकदा तिने सरळ विचारलं आणि त्याने दाराची खरी गोष्ट सांगितली. ती हसली नाही. उलट त्यानंतर तो कुठे उतरायला गेला की घरी येईपर्यंत ती पाण्याचा घोटसुद्धा घेत नसे. याचा त्याला राग यायचा, कारण आपल्यामुळे कुणीतरी तहानलेलं आहे हे ओझं घेऊन विहिरीत उतरणं काही सोपं नसतं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात बारामतीचे भंगारवाले रतनशेठ जीप घेऊन कळसला आले. येताना पेढ्यांचा पुडा घेऊन आले, तेव्हाच सारजाने ओळखलं की हा माणूस काहीतरी गळ्यात मारणार. उजनीच्या पाण्यात एक बोट बुडालेली होती, तिला सगळे लढाईची बोट म्हणत. महायुद्धात शिपाई आणि गाड्या किनाऱ्यावर उतरवायला तसल्या सपाट बुडाच्या बोटी बांधल्या होत्या. लढाई संपल्यावर त्या भंगाराच्या भावाने निघाल्या आणि त्यातली एक कुणा कंत्राटदाराने धरणाच्या कामावर आणली. धरण भरल्यावर ती करमाळ्याच्या बाजूला माणसं, शेरडं, उसाचं बेणं असं काय वाटेल ते ने-आण करायची. एका वावटळीत ती धक्क्यावरून सुटली आणि रिकामीच बुडाली. माणूस कुणी गेलं नाही, त्यामुळे तिच्यासाठी कुणी रडलंही नाही. आता रतनशेठनी ती आहे तिथे, आहे तशी विकत घेतली होती.

"तात्या, लई काम न्हाय," रतनशेठ म्हणाले. "इंजिन आत हाय का न्हाय, एवढं हात लावून बघायचं. हाय म्हनालात तर क्रेन आनतो. न्हाय म्हनालात तर गप घरी बसतो."

"म्हंजी बोटीच्या आत शिरावं लागनार," सिद्धू म्हणाला.

"मग इंजिन काय छपरावर ठेवत्यात व्हय?" रतनशेठ हसले. "लढाईच्या जहाजाचं दार खांद्यानं उघडनारा मानूस तुमी. ही तर डबडी हाय. आन हवेच्या टाक्या मी मुंबईहून मागवल्यात, अगदी भरून. जिल्ह्यात हे काम दुसऱ्या कुनाच्या बापाला जमनार न्हाय."

हरभऱ्याच्या झाडावर कसं चढवायचं हे व्यापाऱ्याला शिकवावं लागत नाही. बाहेर ओट्यावर चार माणसं गोळा झालीच होती, आणि ती माना डोलवत होती. सिद्धू पाणी आणायच्या निमित्ताने आत आला, तर सारजा दारामागेच उभी.

"त्यास्नी सांगा, मला भ्या वाटतं म्हनून," ती हळू म्हणाली. "तीन शब्द हायत. सांगा आन मोकळं व्हा."

"लोक हसतील."

"हसू द्या की. हसन्यानं काय मानूस मरत न्हाय."

सिद्धू तांब्या घेऊन बाहेर गेला. ते तीन शब्द त्याच्या जिभेपर्यंत आलेही होते. पण बाहेर येऊन त्याने जे विचारलं ते वेगळंच निघालं: "टाक्या कवा येनार?" आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि रतनशेठनी पेढ्यांचा पुडा सोडला.

काटेवाडीला रामहरीला निरोप गेला. रामहरी म्हणजे सारजाचा धाकटा भाऊ. विहिरी पाडायची कामं तो घेत असे आणि त्याच्या घरात या धंद्यातली एक रीत वडिलांपासून चालत आली होती. खाली उतरणाऱ्याचा दोर बाहेरच्याने धरायचा नाही, त्याच्या बायकोच्या भावाने धरायचा. सख्खा भाऊ वाटणीच्या वेळी वैरी होतो आणि मित्र उन्हाला कंटाळतो, पण आपल्या बहिणीचं कुंकू ज्या दोराला लटकलंय तो दोर कुणी ढिला सोडत नाही, असं रामहरीचे वडील सांगत. आणि खाली माणूस असताना दोर सैल पडू द्यायचा नाही, ही त्याच रितीची दुसरी बाजू. विहिरीत सैल दोर म्हणजे माणूस पडला तर सरळ तळाला. त्यामुळे सिद्धू कुठेही उतरो, वर दोर रामहरीच्या तळहाताला पीळ मारून ताणलेला असायचा.

विहिरीत हे ठीक होतं. बोटीच्या पोटात ते चालणार नव्हतं. म्हणून सिद्धूने रामहरीला अंगणात तालीम द्यायला घेतली. दोराचं एक टोक घेऊन तो गोठ्याच्या भिंतीमागे बसला आणि दुसरं टोक घेऊन रामहरी ओट्याच्या खांबापाशी. सारजा तिथेच सुपात तांदूळ निवडत होती.

"वरनं एक हिसका आला, म्हंजी तू इचारतोस, बरा हाय का," सिद्धू भिंतीमागून म्हणाला. "मी उलटा एक दिला, म्हंजी बरा हाय. दोन दिलं तर दोर सैल सोडायचा. चार दिलं तर वर घ्यायचं."

"सैल?" रामहरीला ते पचेना. "दाजी, खाली मानूस असताना सैल?"

"आत शिरल्यावर दोर वळनातनं जानार. तू तानून धरलास तर मी भिताडाला चिकटंन."

"बरं," रामहरी म्हणाला, पण तोंड कडू औषध घेतल्यासारखं. त्यांनी बराच वेळ हिसके देऊन पाहिले. रामहरी हुशार होता, एकदाही चुकला नाही. शेवटी सिद्धू भिंतीमागून बाहेर आला आणि दोर गुंडाळत म्हणाला, "आन दोर मोकळा वर आला तर दुसऱ्या कुनाला खाली धाडू नगंस. सरळ घरी यायचं." हे ऐकून सारजाने तांदूळ तसेच सुपात ठेवले आणि ती उठून आत गेली.

ठरल्या दिवशी सकाळी उजनीच्या काठावर जत्रा भरल्यासारखी माणसं जमली. पाणी उतरलं होतं, भेगाळलेला गाळ उघडा पडला होता, आणि लोक त्यावर उपरणी अंथरून बसले होते. नागेश नावाच्या कोळ्याने आपल्या होडीतून सिद्धू आणि रामहरीला आत नेलं. बोट कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण त्याची कितीतरी जाळी तिने गिळली होती. सिद्धूने टाकी पाठीला बांधली, चाकू पोटरीला, दोर कमरेला. रामहरीने गाठ स्वतः मारली आणि दोनदा ओढून पाहिली. सिद्धूने काठाकडे बघून हात वर केला, काठाने आरोळी ठोकली, आणि तो पाण्यात गेला.

वरचं पाणी कोमट होतं, खालचं गार आणि गढूळ. हात लांब केला तर बोटं दिसत, कोपर दिसे, त्यापुढे सगळं मातकट. बोट अचानकच आली, आधी पायाला. ती एका कुशीवर कलली होती. इंजिनाच्या खोलीत उतरायचं चौकोनी तोंड कललेल्या छपराच्या वरच्या अंगाला होतं, आणि त्यात अंधार भरला होता. सिद्धू त्याच्या काठाला धरून थांबला. वरून एक हिसका आला. त्याने एक दिला. बरा हाय.

बरा नव्हता. श्वास नको तेवढा भरभर चालला होता, आणि टाकीतली हवा तेवढीच भरभर संपत होती. इथूनच वर जावं आणि इंजिन नाही म्हणून सांगावं, असंही त्याच्या मनात आलं. रतनशेठ काही खाली येऊन बघणार नव्हते. पण मग मनाशी म्हणाला, आयुष्यभर एक थाप निस्तरतोय, तिला आणखी एक बहीण कशाला? हा शहाणपणा जरा आधी, ओट्यावर सुचला असता तर बरं झालं असतं. त्याने दोन हिसके दिले. दोर सैल झाला, थोडा नाराजीनेच, आणि तो डोकं खाली घालून आत शिरला.

आत वाकलेला जिना होता. त्याच्या दांड्याला वळसा घालून तो पुढे सरकला. नळीतून सुटलेले बुडबुडे छताला लागून मागच्या मागे, आत शिरायच्या त्या चौकोनाकडे पळत होते, तेवढं त्याने पाहिलं. मग पायाखालचा गाळ उठला आणि काही दिसेनासं झालं. तो हाताने चाचपत गेला. बोटांना लोखंड लागलं, गाळ लागला, आणि मग काहीतरी मऊ, चिवट लागलं. नायलॉनचं जाळं. नागेशचं हरवलेलं एखादं असेल. वर्षानुवर्षं पाण्यात राहूनही ते कुजलं नव्हतं. सिद्धू मागे सरला, तर मागेही जाळं. ते छतापासून लोंबत होतं आणि तो त्याच्या आत शिरला होता. पाठीमागे टाकीच्या तोंडाला काहीतरी अडकलं. वळायचं नसतं, हे शिकवलेलं होतं. तरी तो वळला, आणि जाळ्याने त्याला आणखी एक वेढा दिला.

दोर आणखी थोडा ढिला मिळाला असता तर खाली बसून, वाकून, टाकी सोडवता आली असती. त्याने दोन हिसके दिले.

वर काय झालं ते त्याला नंतर कळलं. दोन हिसके आले ते रामहरीला बरोबर कळले. पण ते नेहमीसारखे नव्हते, त्यात धडपड होती. वीस वर्षं विहिरीवर उभं राहिलेल्या माणसाच्या हाताला अशी धडपड कळली की तो हात एकच गोष्ट करतो. रामहरीने ओढलं.

दोर जिन्याच्या दांड्याभोवती गेलेला होता. वरून ओढ बसली आणि सिद्धू वर जायच्या ऐवजी आडवा फरफटत भिंतीवर आदळला. जाळं आवळलं. डावा हात छातीशी दाबला गेला. त्याने उजव्या हाताने पुन्हा दोन हिसके दिले. वरून ओढ वाढली. पुन्हा दोन. आता नागेशही दोराला लागला असावा, कारण कमरेला असा करकचून पीळ बसला की श्वास निम्म्यावर आला. सिद्धूला सगळं स्पष्ट दिसत होतं, म्हणजे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पण होडीत गुडघा टेकून, दात खाऊन दोर ओढणारा मेहुणा दिसत होता. जगात आपल्या जिवासाठी इतकं ओढणारं माणूस दुसरं नाही, आणि तेच आपल्याला मारतंय. त्याला रामहरीचा संताप आला आणि त्याच क्षणी त्याची दयाही आली.

मग ते लोखंडी दार आलं. तेच, समुद्रातलं. ते कधी उघडलंच नव्हतं. इतकी वर्षं तो त्याच बोळात होता आणि मधलं सगळं, ऊस, म्हशी, सारजा, त्या बोळातच घडलं होतं. श्वास भराभरा आला आणि बघता बघता जड झाला. टाकी संपत आली होती. राखीव हवेची एक तार कमरेपाशी असते, ती ओढली की थोडी आणखी मिळते. त्याने चाचपून ती ओढली. आता जी होती ती शेवटची हवा.

गुडघा पोटाशी ओढून त्याने पोटरीचा चाकू काढला. जाळं पाठीमागे होतं, तिथे हात पोचत नव्हता. पोचणार होता तो फक्त दोरापर्यंत. दोर कापला की ताण जाणार, खाली बसता येणार, टाकी सुटणार. पण बाहेरची वाट दाखवणारं या काळोखात दोराशिवाय काही नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, दोर मोकळा वर गेला की रामहरी सरळ घरी जाणार होता. सिद्धूनेच अंगणात सांगितलं होतं तसं. सारजा सकाळपासून पाणी न पिता ओट्यावर बसली असणार, आणि भाऊ एकटाच वाटेवरून येताना तिला दिसणार.

चाकू दोरावर टेकवून सिद्धू थांबला. "मला भ्या वाटतं," तो म्हणाला. नळी तोंडात होती, त्यामुळे शब्दांचे नुसते बुडबुडे झाले. इतक्या वर्षांत त्याने ते पहिल्यांदा उच्चारले होते, आणि ऐकायला कुणी नव्हतं. त्याने दोर कापला.

ताणलेला दोर सपकन निघून गेला. सिद्धू खाली कोसळला, गाळात गुडघे रुतले. डावा हात सुटला. त्याने टाकीचे पट्टे सैल करून ती डोक्यावरून पुढे घेतली, नळी दातांत घट्ट धरून, आणि टाकीच्या तोंडाभोवतीचं जाळं कापत सुटला. किती कापलं याचा हिशेब नव्हता. हाताला धागा लागेनासा झाला तेव्हा त्याने टाकी छातीशी कवटाळली आणि पाठ छताला लावली. मग मुद्दाम श्वास सोडला आणि तळहात छतावर टेकवला. बुडबुडे हाताखालून सरकत डावीकडे गेले. तोही डावीकडे गेला. पुन्हा श्वास सोडला, पुन्हा हात. जिन्याचा दांडा लागला. त्याच्यापुढे काहीच लागेना, आणि डोक्यावर मातकट उजेड होता.

तो त्या चौकोनी तोंडातून बाहेर आला. नळीतून आता नुसती ओढ लागत होती, हवा जेमतेम. वर सुटायचं तेवढं बाकी होतं, आणि तेवढ्यात त्याच्या गालाला काहीतरी लागलं.

दोर होता. कापलेलं टोक उसवून पाण्यात लोंबत होतं. सिद्धूला काही कळेना. दोर तर केव्हाच वर गेलेला असायला हवा होता. मग तो दोर एकदा हलला. थांबला. क्षणभराने पुन्हा एकदा हलला. एकच हिसका.

बरा हाय का?

झालं होतं असं. दोर तुटला तेव्हा रामहरी होडीत उताणा पडला. नागेशने टोक पाहिलं आणि मान खाली घातली. रामहरीने मात्र टोक पाहून न पाहिल्यासारखं केलं. हातातला होता नव्हता तेवढा सगळा दोर त्याने पुन्हा पाण्यात सोडला, अगदी तळापर्यंत, सैल. त्याच्या वडिलांनी बघितलं असतं तर कानाखाली आवाज काढला असता. आणि त्या मोकळ्या दोराला तो एक एक हिसका देत बसला. नागेश काहीतरी म्हणाला, तर त्याच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

सिद्धूने टोक मुठीत धरलं, दोर ताणला आणि एक हिसका दिला.

वरून ओढ आली नाही. आणखी हातभर दोर तेवढा सैल सुटला.   सिद्धू त्या दोराच्या कडेकडेने वर गेला.

होडीत घेतल्यावर रामहरी खूप वेळ त्याचा दंड सोडीना. "दाजी, तुमी दोन दिलं हुतं," तो म्हणाला. "मला कळलं हुतं. हातच ऐकंना माझा." आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला.

"शेवटाला सोडलास न्हवं सैल?" सिद्धू म्हणाला. "मग झालं तर." 

होडी काठाकडे निघाली. माणसं उभी राहिली होती. रतनशेठ गुडघाभर गाळात येऊन हात तोंडाशी धरून ओरडले, "तात्या, हाय का इंजिन?"

एक उत्तर जिभेवर तयारच होतं. इंजिन न्हाय. एवढं म्हटलं की सगळे घरी गेले असते, आणि आठवडाभरात पुन्हा मोटरसायकल दारात आली असती. सिद्धू होडीतून उतरला आणि गाळात नीट उभा राहिला.

"बघितलंच न्हाय," तो म्हणाला. "मधीच अडकलो. मला भ्या वाटलं."

मागे कुणीतरी हसलं. रतनशेठही हसले, त्यांना वाटलं तात्या मस्करी करतायत.

"मस्करी न्हाय," सिद्धू म्हणाला, आता मोठ्याने, मागच्यांनाही ऐकू जाईल असं. "मला पहिल्यापासनंच भ्या वाटतं. आन त्या लढाईच्या जहाजाचं दार मी उघडलं न्हवतं. जोडीदारानं उघडलं. मी आत रडत हुतो."

मग हसणं थांबलं. एका म्हाताऱ्याने आपलं उपरणं त्याच्या अंगावर टाकलं. रतनशेठ बोटीकडे आणि सिद्धूकडे आलटून पालटून बघत राहिले आणि जीपकडे निघून गेले. एरवी सिद्धूला वाटलं असतं की आता भुईने पोटात घ्यावं. पण त्याला फक्त भूक लागल्याचं जाणवलं.

दिवस कलताना दोघे कळसला पोचले. सारजा ओट्यावरच होती. दोघे येताना दिसले तशी ती उठली, आणि मग रामहरीच्या हातातल्या दोराचं उसवलेलं टोक तिला दिसलं. ती तिथेच पुन्हा खाली बसली.

"कुनी कापला?" तिने विचारलं.

"मीच," सिद्धू म्हणाला.

"आन त्यास्नी काय सांगितलंत?"

"भ्या वाटलं म्हनून सांगितलं."

"समद्यांम्होरं?"

"समद्यांम्होरं."

"हसलं का?"

"एकजन हसला."

सारजाने मान हलवली. रामहरी तोंड धुवायला म्हणून हौदाकडे गेला तो बराच वेळ परतला नाही. ती तांब्या भरून घेऊन आली, आधी स्वतः घटाघटा प्याली, मग त्याला दिला. त्याचं पिऊन होईपर्यंत ती त्याच्या मागे पायरीवर बसून राहिली.  मग सिद्धूला सदऱ्याची बाही मागून एकदाच ओढल्यासारखी वाटली. एकच हिसका.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. हात मागे नेऊन तिच्या पदराचं टोक चाचपलं आणि एकदा ओढलं.  मग ती उठून म्हशींना वैरण टाकायला गेली.